डावेसाहेबांचा आवाज

आम्हाला ती खोली मिळाली ती मी वायरी बरोबर जोडल्या म्हणून. नवरा नापास झाला होता.

खडकेश्वरच्या बाजूला एका बोळात ते घर होतं. खाली मालक आणि त्यांची बायको, पुढे आमचे काका-काकू, वर गच्चीला लागून एक खोली आणि जेमतेम स्वयंपाकघर. मी नुकतीच चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले होते, नवरा अजून नोकरी शोधत होता. भाड्याच्या खोल्या बघून बघून आम्ही कंटाळलो होतो. प्रत्येक मालक आधी जात विचारायचा, मग मटण खाता का ते, मग पाहुणे किती येतात ते. या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. आम्हाला आतल्या खोलीत नेलं. तिथे एका लाकडी तख्तावर रेकॉर्ड प्लेअर, टेप, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर म्हणजे ज्यात बाकी सगळ्यांच्या वायरी येऊन मिळतात तो वजनदार डबा, असं ओळीनं मांडलेलं होतं. दोन कोपऱ्यांत माणसाच्या कमरेइतके उंच दोन स्पीकर. सगळं सुटं. वायरींच्या गुंडाळ्या भिंतीवरच्या खिळ्याला.

मालक नवऱ्याला म्हणाले, “जोडा.”

नवऱ्यानं पहिलं काम काय केलं, तर विजेची पिन भिंतीत घातली. मालकांनी हात वर केला आणि म्हणाले, “बसा.” मग माझ्याकडे वळले.

मला त्यातलं काही कळत होतं असं नाही. पण कारखान्यात एक गोष्ट अंगवळणी पडली होती, की वीज सगळ्यात शेवटी. मी पिन काढून बाजूला ठेवली. लाल टोक लाल भोकात, पांढरं पांढऱ्यात. रेकॉर्ड प्लेअरमधून आणखी एक बारीक काळी तार आली होती, तिचं टोक उघडं. ती कुठे जाते ते शोधलं. डब्याच्या पाठीमागे एक छोटा स्क्रू होता, त्याखाली घालून बोटांनी आवळली. ही कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे यंत्रांना अर्थिंग देतात, नाहीतर झटका बसतो, इथे काय होतं माहीत नाही. ते म्हणाले, “इथं घुमतं.” मग त्यांनी रेकॉर्ड लावली, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवलेल्या खुर्चीत बसले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “समाधानकारक. कधी येताय राहायला?”

समाधानकारक हा त्यांचा सगळ्यात वरचा शेरा होता हे मला मागाहून कळलं. ते शाळा तपासनीस होते. सोयगाव, सिल्लोड, पार अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतच्या शाळा त्यांनी जन्मभर तपासल्या होत्या आणि प्रत्येक शाळेत शेरा लिहिला होता. निवृत्त झाल्यावर शाळा सुटल्या, शेरे सुटले नाहीत. काकूंची आमटी, पुतण्याचं लग्न, कोजागिरीचा चंद्र, सगळं एकतर समाधानकारक नाहीतर सुधारणेस वाव. भाजीवाल्यालासुद्धा ते भाव विचारायच्या आधी विचारायचे, मेथी कुठली, कधी उपटली, उपटून पाणी का मारलं. भाजीवाले त्यांना लांबून बघून दुसऱ्या बोळात वळायचे. मग काकू मागच्या दारानं जाऊन भाजी घेऊन यायच्या.

मला ते ‘बाई’ म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, आणि नवऱ्याला ‘बाईंचे मिस्टर’. आम्ही तिथे होतो तोवर नवऱ्याला बढती मिळाली नाही.

सेट त्यांचा नव्हताच. काकूंनी हे पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं. काकूंचा धाकटा भाऊ कुवेतला होता. दर खेपेला येताना त्यानं बहिणीसाठी एकेक डबा आणला. एका खेपेला ॲम्प्लिफायर, पुढच्या खेपेला टेप, असं करत करत सेट झाला. स्पीकरची खोकी विमानात येईनात म्हणून ती इथल्या सुताराकडून सागवानात करून घेतली. पुढे तो भाऊ कुवेत सोडून आला आणि फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्यांसाठी त्यानं लॉज काढलं. सेट मात्र इथेच राहिला. काकू म्हणायच्या, “मला एक रेडिओ दिला असता तरी लई झालं असतं. वस्तू माझ्या भावानं आणली, अन् परीक्षा माझी.”

कारण घरात नियम होता की ज्याला ऐकायचं असेल त्यानं जोडायचं. संध्याकाळचं ऐकणं संपलं की काका सगळा सेट सोडवून ठेवत. एकूण एक वायर काढायची, गुंडाळायची, खिळ्याला लावायची, डब्यांवर काकूंच्या जुन्या साडीचे तुकडे टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पाहुणा असो, पुतण्या असो, टेप ऐकायची हौस आली की काका तख्ताकडे बोट दाखवत. बहुतेक पाहुण्यांची हौस तिथेच फिटायची.

एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. मी पाळीवरून आले होते, पाय दुखत होते, आणि त्यांना मी वायरी धरायला हवी होते. ते म्हणाले, “जोडलेलं तसंच ऱ्हायलं ना बाई, की कसं जोडलंय ते माणूस इसरून जातो.” मी वायर धरली.

तसं त्याला व्यवहाराचं कारणही होतं. आमच्याकडची वीज कधी जाईल आणि परत येताना केवढ्या जोरात येईल याचा नेम नसे. एकदा अशीच आली आणि समोरच्यांचा नवा टीव्ही जळाला. त्या घरात अक्षरशः सुतक होतं. काका भेटायला गेले, चटईवर बसले, चहा घेतला आणि उठताना म्हणाले, “काढून ठेवायला पायजे होता.” समोरच्या बाई पुढे वर्षभर आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जायच्या. मी तर नुसती भाडेकरू होते.

कुठलं भोक कुठलं ते ओळखता यावं म्हणून त्यांनी डब्यावर नावं घालून घेतली होती, भांड्यांवर घालतात तशी. ॲम्प्लिफायर चादरीत गुंडाळून रिक्षानं गुलमंडीला नेला. तिथे भांड्यांच्या दुकानाबाहेर एक जण मशीन घेऊन बसायचा. त्यानं विचारलं, कुणाच्या नावानं घालू, लग्नाचं आहे का वास्तूचं? काकांनी सांगितलं, या भोकापाशी डावा लिही, त्या भोकापाशी उजवा. त्या माणसानं उभ्या जन्मात ‘श्री’ घातल्याशिवाय नाव घातलं नव्हतं. त्यानं सवयीनं लिहून टाकलं, श्री डावा, श्री उजवा. दुसरा कुणी चिडला असता. काकांना ते इतकं पटलं की त्या दिवसापासून स्पीकर हे डावेसाहेब आणि उजवेसाहेब झाले. “बाई, डावेसाहेबांना जरा पुढं घ्या.” “उजवेसाहेब आज खरखरतायत.” नवीन माणसाला वाटायचं की घरात आणखी दोन म्हातारे आहेत.

जोडताना आणि काढताना ते पुटपुटत. त्यांचं शिक्षण पोलीस ॲक्शनपर्यंत, म्हणजे निजामी राजवट संपेपर्यंत, उर्दूत झालं होतं, त्यामुळे मन लावून काम करायचं झालं की मराठी बाजूला पडायची आणि सीदा हात, उल्टा हात, म्हणजे उजवा आणि डावा, असं सुरू व्हायचं. सगळ्यात नाजूक काम स्पीकरच्या तारांचं. तिथे पिन नसते, उघडी तार चापाखाली धरायची असते, आणि तिच्यातला एक तंतू जरी सुटून शेजारच्या तारेला लागला तरी डबा जळू शकतो. काकांच्या बोटांना ते नीट जमायचं नाही. माझ्याही नाही. ते जमायचं काकूंना. त्या रोज देवापुढच्या वाती वळायच्या, त्याच हातानं तार वळायच्या. दोन बोटांत धरून एक फिरकी दिली की वायरीचं टोक सुईसारखं. पण त्या तख्तापाशी कधी गेल्या नाहीत. काका वायरींची टोकं आणून त्यांच्या मांडीवर टाकायचे, त्या वळून परत द्यायच्या. जोडायला या म्हटलं की म्हणायच्या, माझ्या भावानं दिलेल्या वस्तूला मी परीक्षा देणार नाय. मला वाटतं या मुद्द्यावर त्यांचं लग्नाएवढंच जुनं काहीतरी अडलेलं होतं, सेट फक्त निमित्ताला होता.

संध्याकाळी मात्र दोघं एकत्र बसत. काका मधल्या खुर्चीत, समोर भिंतीकडे तोंड करून, आणि काकू त्यांच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दारात, भाजी निवडत. दिवसभरात काका देवळात, वाचनालयात, कुणाच्या ना कुणाच्या चुका काढण्यात, आणि काकू कामात. बोलणं व्हायचं ते तेवढ्याच वेळात. म्हणजे काकू बोलायच्या. टाकीला चीर गेलीय, लेकीचा फोन आला होता, वरच्या पोरीच्या मिस्टरांचं काही जमेल का बघा. रेकॉर्ड चालू असायची आणि काका मध्येच हुं म्हणायचे.

त्या वर्षी नवरात्राच्या आगेमागे काकांनी जाहीर केलं की डावेसाहेबांचा आवाज बसलाय.

त्यांच्याकडे तपासणीची एक ठरावीक रेकॉर्ड होती. तिच्यात तबला डावीकडून येई आणि सारंगी उजवीकडून. तबला मंद झालाय, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं, मला दोन्ही सारखे वाटले. तसं सांगितलं तर म्हणाले, तुमचे कान कारखान्यात गेले. त्यांनी वायरी बदलल्या. तबला मंद. पिना लिंबानं घासून चकचकीत केल्या. तबला मंदच. शहागंजकडून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं डबा उघडला, मीटर लावलं, बंद केला आणि म्हणाला, “साब, डब्बा एकदम बराबर है. मैं दो बार देखा.” काका म्हणाले, “देखा. सुना क्या?” तो बिचारा सामान गोळा करून गेला, आणि जाताना जिन्यात मला म्हणाला, आपा, इनको बोलो कि थोड़ा आराम करो.

आराम कुणालाच नव्हता. मी बसमधून उतरून घरी आले की खालून हाक यायची, “बाई, जरा येता का?” दिवसभर मी सुट्या भागांना माप लावायची आणि संध्याकाळी खाली उभी राहून तबला ऐकू येतो का ते सांगायची. काकांचा चेहराही उतरला होता. वाचनालय सुटलं, देऊळ सुटलं. एवढा माणूस, पण त्या एका कोपऱ्यापुढे थकून गेला.

मग त्यांनी ठरवलं की दोष कोपऱ्याचा आहे. डाव्या कोपऱ्यात काकूंची धान्याची कोठी होती, पत्र्याची, चांगली छातीएवढी. ती आवाज गिळते, असं त्यांनी शोधून काढलं. बोळातली दोन माणसं बोलावून त्यांनी कोठी ढकलत बाहेर ओसरीवर नेली. काकू पुन्हा पुन्हा नको म्हणत होत्या. बाहेर ओल लागेल, गव्हाला किडे होतील, दिवाळी तोंडावर आली आहे. मी जिन्यात उभी होते, मला तिथपर्यंत ऐकू येत होतं. काका मान वर न करता दुसरी एक रेकॉर्ड पुसत राहिले. तपासणीची रेकॉर्ड चालूच होती, तबला चालूच होता.

त्या दिवशी काकूंनी काकांशी बोलणं बंद केलं. मला त्यांनी ओट्याशी उभं राहून शांतपणे सांगितलं. आषाढापासून हा माणूस मला उत्तर देत नाही. मी बोलते, हा भिंतीकडं बघतो. शाळेत हे मास्तरांना असंच करायचे, उभं ठेवायचे अन् उत्तर द्यायचे नाय. त्यांची नोकरी होती, त्यांना गप्प ऱ्हावं लागायचं. मला काय लागून गेलंय? भाऊबीजेला भाऊ जीप घेऊन येणार होता. तेव्हा त्या जाणार होत्या. फर्दापूरला लॉजचं स्वयंपाकघर सांभाळायला बाई हवीच होती. परत यायचा विचार नव्हता, आणि सेटही सोबत न्यायचा होता, कारण तो त्यांचा होता.

“माझं वय झालंय गं,” त्या म्हणाल्या. “आता मला भांडायचं पण जिवावर येतंय.”

रागावलेल्या बाईची समजूत घालता येते. इतक्या दमलेल्या बाईची येत नाही. मी त्यांना ट्रंक बांधायला सुतळी आणून दिली.

काकांना त्यांनी पाटीवर लिहून कळवलं, दुधाचा हिशोब लिहायची पाटी होती तिच्यावर. काकांनी वाचलं. जाऊ नको असं म्हणाले नाहीत. त्यांच्या पद्धतीत ते बसत नसावं. ते वर आमच्याकडे आले, दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, “बिघडलेली वस्तू मी कुणाला परत देणार नाय. पाडव्याला तुम्हाला सुट्टी हाय ना? मग या.”

पाडव्याला सकाळी काकूंनी त्यांना ओवाळलं. ओवाळायचं असतं म्हणून ओवाळलं, एक शब्द न बोलता. काकांनी ताटात ओवाळणी टाकली, तीही तशीच. दुपारी मी खाली गेले तेव्हा ट्रंक बांधून ओसरीवर कोठीच्या शेजारी ठेवलेली होती, आणि काका तख्तापुढे बाही सारून बसले होते.

त्यांची पद्धत मला मान्य होती, आमच्या कारखान्यातही तीच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष हलतो का ते बघायचं. त्यांनी आधी डब्याच्या मागे तारांची अदलाबदल केली. डावेसाहेबांची तार उजवीकडे, उजवेसाहेबांची डावीकडे. रेकॉर्ड लावली, खुर्चीत बसले. आता तबला उजवीकडून आला आणि त्यांना खणखणीत ऐकू आला. डावीकडून आलेली सारंगी मंद. म्हणजे डबा ठीक होता. दोष खोक्यात.

मग आम्ही दोघांनी ती सागवानी खोकी उचलून एकमेकांच्या जागी ठेवली. माझ्या कंबरेची वाट लागली. पुन्हा रेकॉर्ड. उजवीकडे गेलेले डावेसाहेब आता ठणठणीत, आणि डावीकडे आलेल्या उजवेसाहेबांचा आवाज बसलेला. म्हणजे खोकीही ठीक होती. कोठी तर केव्हाच बाहेर गेली होती, तिथे नुसती भिंत होती. काका उठून भिंतीला हात लावून आले. मग म्हणाले, सगळं बदलून झालं बाई.

मी घाम पुसत उभी होते. मला फक्त ते काम संपवून वर जाऊन झोपायचं होतं. मी खोलीभर नजर फिरवली, बदलायचं काय राहिलंय ते बघायला. सगळं हललं होतं. एक खुर्ची तेवढी तिथल्या तिथे होती.

मी म्हटलं, काका, खुर्ची राहिली.

त्यांनी ते अगदी रीतसर घेतलं. खुर्ची फिरवली, स्पीकरकडे पाठ आणि बाहेरच्या दाराकडे तोंड करून बसले, आणि डोळे मिटले. मी सुई ठेवली.

“आता उलटं झालं,” ते म्हणाले. “आता हा चांगला अन् तो बसलाय.”

हे बोलताना त्यांचा हात आपोआप वर गेला होता, कुठला चांगला आणि कुठला बसलेला ते दाखवायला. तो तिथेच थांबला. मग तो हळूहळू डाव्या कानाकडे गेला. उजवा कान त्यांनी तळव्यानं दाबून धरला आणि तसेच बसून राहिले. रेकॉर्ड चालू होती. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की त्यांच्यापुरती ती थांबली आहे.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या ते मी बघितलं नव्हतं. त्या पुढे आल्या, काकांच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “जन्मात एक शाळा धड तपासली नाय तुम्ही.”

काकांचे डोळे मिटलेले. पापणीही हलली नाही. हेच जर त्यांना ऐकू आलं असतं तर घरात जळता स्टोव्ह सोडून ते उत्तर द्यायला उठले असते.

मी सुई उचलली. काकांनी कानावरचा हात काढला, डोळे उघडले, आणि काकू एवढ्या जवळ बघून दचकले.

काकू माझ्याकडे बघून बोलल्या. “मी याच बाजूला बसते की गं. रोज.”

त्यांना बरं वाटलं असेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या, ओझं उतरवून ठेवलं तरी हात दुखतात तशा. इतके महिने त्यांनी राग साठवून ठेवला होता, त्याच्या जोरावर ट्रंक बांधली होती, आणि आता तो ठेवायला जागा उरली नव्हती. “आता हे सगळं घेऊन मी कुठं जाऊ?” असं त्या म्हणाल्या, पण ते मला नव्हतं, काकांनाही नव्हतं.

काकांनी विचारलं, काय म्हणते ही? मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन सांगितलं, की काकू तुमच्याशी आषाढापासून बोलत होत्या, तुम्हाला ऐकू गेलं नाही. ते उठले आणि नेहमीसारख्या वायरी काढायला लागले. त्या दिवशी सीदा हात, उल्टा हात असं ते पुटपुटले नाहीत.

संध्याकाळी खाली दोघांचा आवाज आला नाही. ट्रंक ओसरीवरच होती. नवरा म्हणाला, आता काकू राहतील. मी म्हटलं, सांगता येत नाही. कान गेला म्हणून कोठी बाहेर काढायचा अधिकार मिळत नाही. शिवाय लॉजवर जेवणारी माणसं निदान पाठीमागे का होईना, भाजी बरी झाली म्हणतात.

भाऊबीजेच्या सकाळी मी पाणी भरायला खाली गेले तर काका मधल्या खुर्चीत बसले होते आणि काकू त्यांच्या उजव्या हाताला, पाटावर. सेट सुटाच होता, साडीच्या तुकड्याखाली. समोर भाजी वगैरे काही नव्हती. काका तपासनिसाच्या आवाजात विचारत होते की मला न ऐकलेलं काय काय आहे ते सांग. काकूंनी विचारलं, “निवडक सांगू का सगळं?”

“सगळं. पहिल्यापासनं.”

“मला भाऊ न्यायला येतोय.”

“येऊ दे. तू सांग.”

मग काकूंनी सुरुवात केली. आषाढात टाकीला चीर गेली तिथपासून. त्या काहीही गाळत नव्हत्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. काका मध्ये एकदा म्हणाले, हे मी ऐकलं होतं. काकू म्हणाल्या, मग उत्तर का नाय दिलं? काका म्हणाले, पुढं सांग. त्या पुढे गेल्या. लेकीचा फोन, तिच्या सासूचं दुखणं, माझ्या नवऱ्याच्या नोकरीचं, दूधवाल्याचं पाणी, आणि आपला स्वतःचा गुडघा, जो त्यांनी मलाही कधी सांगितला नव्हता. मी दोन बादल्या भरून वर नेल्या, पुन्हा आले, तरी ते चालूच होतं.

जीप आली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. काकूंचा भाऊ उतरला. कुवेतच्या काळातला गॉगल अजून वापरायचा. ओसरीवर बांधलेली ट्रंक बघून तो तिच्याकडे गेला आणि उचलायला वाकला. मी त्याला थांबवलं. आत काय चाललंय ते थोडक्यात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, गॉगल काढला, दारापाशी जाऊन जरा वेळ कान दिला आणि परत आला.

“ताई येणार हाय का नाय, तेवढं सांगा.”

मला ते माहीत नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. म्हटलं, आत काकूंचा आत्ता कुठे श्रावण लागलाय. त्यानंतर भादवा आहे, आणि कोठी तर नवरात्रानंतर हलवली.

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. मग ओसरीच्या पायरीवर बसून चपला काढल्या आणि ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, “गाडी सावलीत लाव रे.” आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “कोठीपतोर यायला जेवायची येळ व्हईल.”

मी वर गेले आणि आमच्या भातात आणखी चार मुठी तांदूळ वाढवले.